पान त्रेचाळीस

ठाण्यात कोर्टनाक्याला माझं झेरॉक्सचं दुकान,
स्टॅम्पवाले कर्णिक आणि टायपिंगवाला नूरभाई यांच्या मध्ये
दातात सुपारी अडकावी तसं.
एक बाजू दोन रुपये, पाठपोट तीन.
वकिलांना उधारी आहे, पक्षकारांना नाही.

हर्षला तांडेल आली तेव्हा सव्वादहा झाले होते.
मोबाईलमध्ये दिसते त्याहून बुटकी.
मोबाईलमध्ये ती कळव्याच्या पुलावर उभी राहते,
खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरचे नंबर
तारस्वरात वाचत सुटते,
आमदाराला ‘ए बाबल्या’ म्हणते.
इथे मात्र हळू म्हणाली,
‘सगळ्याच्या दोन-दोन प्रती, काका. अकराला पुकारा आहे.’

एकदा तिनं चुकीच्या माणसाचा फोन नंबर टाकला होता.
खारेगावचा कुणी रेतीवाला. नाव तेच, माणूस दुसरा.
तीन दिवस लोकांनी त्याला झोपू दिलं नाही.
चौथ्या दिवशी माफी. दोन ओळींची.
हे मी विसरलेलो नाही.
आणि माझी शेड,
पुढची साडेतीन फूट, पत्र्याची,
तिच्या फुटपाथच्या व्हिडिओनंतर आठवड्यात गेली.
पत्रा परत मिळाला, वाकलेला.
पावसात अजून मशीन आत ओढावं लागतं.

तर पानं टाकत होतो.
तिच्याविरुद्धची फिर्याद. तिच्या पोस्टी.
मग तिच्या वकिलानं लावलेलं जोडपत्र:
‘अर्जदारास आलेल्या धमक्या व अश्लील मजकूर’.
चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस.
हिरवा उजेड डावीकडून उजवीकडे गेला
आणि त्रेचाळीसवर मी होतो.

म्हणजे मी नव्हे. गरुडझेप एकाहत्तर.
गरुडाचा फोटो कुठल्याशा कॅलेंडरचा,
एकाहत्तर माझं जन्मसाल.
वेळ रात्रीचे अकरा चाळीस.
बायको झोपली होती, ताट धुवायचं राहिलं होतं,
आणि मी अंगठ्यानं लिहिलं होतं
तिच्या आईबद्दल
ते वाक्य.
खाली सात जण हसले होते.
सात. मी सकाळी मोजले होते.

पान गाळता आलं असतं.
शहाऐंशी पानांत कोण शोधतंय?
मशीनचा आवाज थांबला तसं तिनं मान वर केली.
‘कागद अडकला?’
‘नाही, नाही.’
तिनं प्रत उचलली, उजेडात धरली, कपाळाला आठी.
‘हे पुसट आलंय, काका.
जज्जसाहेबांना वाचता आलं पाहिजे.
जरा गडद काढा.’

मी बटण दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
आमच्या मशीनवर गडदच्या पाच पायऱ्या आहेत.
पाचवीवर कागद तापतो, हाताला चटका बसतो,
आणि स्वल्पविरामसुद्धा खिळ्यासारखा उठून दिसतो.
माझे शब्द असे बाहेर आले,
गरम, अंगठ्याएवढे काळे,
आणि मी ते तिच्या हातात दिले.

तिनं वाचले नाहीत. किंवा आधीच वाचलेले होते.
त्या पानाला तिनं चवळीच्या शेंगा रचाव्यात
तशा बाकीच्या पानांशी कडा जुळवल्या,
तोंडात टाचणी धरून विचारलं,
‘तुमच्या दुकानाला शेड होती ना पूर्वी?’
‘होती.’
‘हं,’ म्हणाली.
त्या ‘हं’चा अर्थ मी अजून लावतोय.

हिशोब करताना माझी जीभ अडखळली.
‘पंच्याऐंशी दुणे एकशेसत्तर, दोन प्रतींचे तीनशेचाळीस.’
तिनं पैसे मोजले, फाइल काखेत मारली,
पायरी उतरली. परत वर आली.
काउंटरवर चार रुपये ठेवले, दोनची दोन नाणी.
‘शहाऐंशी आहेत, काका. एक राहिलं.’

अकरा वाजले. पुकारा झाला असेल.
बिघडलेली पानं मी फेकत नाही,
कोऱ्या बाजूला दिवसाचा हिशोब लिहितो.
ते पुसट पान सगळ्यात वर होतं.
नूरभाई चहा घेऊन आला, म्हणाला, ‘काय लिहितोस?’
म्हटलं, काही नाही,
आणि लिहिलं: तांडेल, तीनशेचव्वेचाळीस, रोख.
शाई पलीकडे उतरली.