खोडातला सांबार

रस्ता रुंद झाला, लहानूचा निंब गेला.
आरसा टांगायचा खिळाही त्याच्यासंगं
आर्वीच्या आरा मशीनवर गेला.
उरलं गुडघाभर खोड. ते उपटायचे
जेसीबीवाला वेगळे हजार मागत होता.

लहानूनं चुलतभावाची पटाशी आणली.
गिऱ्हाईक नसलं की ठोकायचा,
असलं तरी मधातच उठून ठोकायचा,
माझी अर्धी दाढी फेसात ठेवून.
"बसा ना जी, असे जाता कुठं आता?"

गाभा मऊ निघाला, मुंगळ्यांनी खाल्लेला.
गोवरीचा विस्तव ठेवून रातभर धुमसत ठेवला,
सकाळी सळईनं खाली भोक पाडलं
आणि भरली काळी माती, शेणखत,
वरून हप्ताभर झाडून ठेवलेले
आमचे केस.

सांबार आला तो असा दाट,
मधोमध भांग पाडावा असा.
पण हात कोण लावते?
सारं गाव नाक मुरडून पाहून जाय.
शेवटी पोह्यावाली जिजा आली.
"माती काय इचारते का, कोणाचं काय हाये?"

मी खाल्ले ते पोहे. तर्री झणझणीत होती.
अर्ध्या प्लेटीत आठवलं,
त्या केसांत सोनबा मास्तरचेही आहेत,
पोळ्याच्या आदल्या दिवशी कापलेले,
शेवटचे.
मग हळूहळू चावलं.

निंबाच्या जागी आता छत्री आहे,
ऊन सरकलं की तीही सरकते.
जिजा जुडी मागायला येते, तेव्हा लहानू
तीच कैची पॅन्टीला पुसतो,
खोडावर वाकतो, आणि सवयीनं विचारतो,
"बारीक करू, का मिडियम?"