एक्केचाळीस

ब्रिन हेलिगच्या टेकडीवर मी खोदायंत्र चालवतो.
फाटकावर फलक आहे: नवं गाव, एकशे बारा घरं,
ताबा पुढच्या वसंतात.
खाली खाणीत जन्म घालवलेला माझा आजा म्हणायचा,
घरं बांधतात रे, गाव वसतं.
त्याला सांगायचं राहिलं,
हल्ली दोन्हींचं टेंडर एकत्रच निघतं.

धुलाईघरात आठ फ्लॅट. शवागारात
सायकली ठेवायची सोय.
पाण्याचा मनोरा तसाच राहणार,
माहितीपत्रकावर तो छान दिसतो.
पुरुषांचा सात नंबरचा वॉर्ड मी मंगळवारी पाडला.
भिंत कलली तेव्हा आतला रंग उजेडात आला,
छातीपर्यंत हिरवा, वर पिवळट,
आणि हिरव्यावर, पलंगाच्या उंचीला,
वर्षानुवर्षं डोकी टेकून उमटलेले
तेलकट गोल. चौदा.
मग धूळ. मग पाण्याचा फवारा. मग जेवणाची सुट्टी.

सफरचंदाची झाडं राखायची, असं नकाशात होतं,
पण सांडपाण्याची लाइन एकाच्या मुळाखालून जात होती.
ते उपटलं
तर मातीतून चमचे निघाले.
काटे नाहीत, सुऱ्या नाहीत, नुसते चमचे,
दांड्यावर इस्पितळाचा शिक्का,
सगळे उभे पुरलेले, तोंड वर करून,
कुणी ओळीने रोपं लावावीत तसे.
एक्केचाळीस. मी दोनदा मोजले.

कुंपणाशी रोज एक म्हातारी येऊन उभी राहायची,
टेग्वेन प्रॉथरो,
एकतीस वर्षं इथल्या जेवणघरात नोकरीला.
तिला आत घेणं नियमात बसत नाही.
मी तिला माझं हेल्मेट दिलं.

ती चिखलात गुडघे टेकून बसली,
ओठ न हलवता, बोटाने, भराभर मोजत गेली.
"चौसष्ट माणसं, चौसष्ट चमचे.
एक कमी भरला की दारं बंद.
खिसे बघायचे, मोजे बघायचे, तोंडात बोट घालायचं.
कधी कधी रात्रीचे दहा वाजायचे.
एमरिस प्यू तेवढा गप्प बसलेला असायचा.
बागेत कामाला होता तो. बोलायचा नाही,
म्हणून त्याला कुणी विचारलंच नाही."
ती हसली. खूप वेळ हसली,
डोळे पुसले, हाताचा चिखल गालाला लागला.
मग म्हणाली, "ग्विलिम नावाचा एक पोरगा होता.
एकोणीस वर्षांचा.
एका चमच्यापायी मी त्याच्या थोबाडीत मारली होती."
मी इंजिन बंद केलं.
तिने आणखी काही सांगितलं नाही.

मॅनेजर आला, रंगात आला,
म्हणाला, क्लबहाउसमध्ये काचेच्या कपाटात मांडू,
खाली दिवा लावू, लोकांना असलं आवडतं.
किती आहेत?
मी तोंड उघडायच्या आत
ती म्हणाली, "चाळीस."
त्याने चाळीस लिहिलं.

तिच्या कोटाचा उजवा खिसा जरा ओघळला होता.
मी झाडाच्या खड्ड्याकडे बघत राहिलो.

हेल्मेट परत देऊन ती निघाली.
फाटकापाशी मात्र आपोआप थांबली,
दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून,
झडती द्यायला उभं राहतात तशी.
पहाऱ्यावरच्या पोराने
फोनमधून मान वर केली नाही.
तरी ती उभीच होती.