चार्ज देताना

ही वही घे, कृत्तिका.
कव्हरवरचा तेलाचा डाग माझ्या डब्याचा.
बाकीचे कुणाकुणाचे,
ते आता नाही सांगता यायचं.

पहिल्या पानावर खिडक्यांचे नंबर आहेत, ते खोडून टाक.
दर दिवाळीनंतर खिडक्या बदलतात.
माणसं बदलत नाहीत, ती लिहून ठेव :
एक्स-रेचे गायकैवारी अडीचला चिडतात,
सव्वातीनला विरघळतात.
लिफ्टच्या बाबूमामांना आदल्या दिवशी सांगितलंस
तर व्हीलचेअर आणि ऑक्सिजनची टाकी
एकाच फेरीत वर जाते.

इथं येणारं मूल एकच असतं,
पण सहा मजल्यांवर वाटलेलं.
फिट येते ते तिसऱ्यावर,
नळीतून दूध पितं ते पाचव्यावर,
कान तळघरात,
डोळे समोरच्या इमारतीत,
मणका फक्त गुरुवारी.
धायरीची बस सुटायच्या आत
ते सगळं गोळा करून
आईच्या मांडीवर पुरतं एक मूल द्यायचं,
एवढंच आपलं काम.
जाहिरातीत त्याला समन्वय म्हटलं होतं.

फाइल उघडण्याआधी आईला विचार.
मुंढव्याच्या नसरीनताईंना ठाऊक होतं
की शीर डाव्या पावलावरच सापडते.
तिघा डॉक्टरांनी आधी उजवा हातच धरला.
चौथ्या वेळी मी मध्ये बोलले.
बोलणं माझ्या कामात बसत नव्हतं.
तू बोल.

मोशीच्या एका बापानं
दाखला हातात आल्यावर विचारलं,
पंच्याहत्तर टक्के लिहिलंय, ताई,
मग उरलेला पंचवीस टक्के पोरगा
कुठल्या खिडकीवर मिळेल?
तो चेष्टा करत होता की नाही
हे मला कळलं नाही.
मी त्याला झेरॉक्सचं दुकान दाखवलं.
अजून कधी कधी त्या दुकानावरून जाताना
मला चांगलं उत्तर सुचतं,
पण तो आता कुठं असतो कोण जाणे.

आणि हे पान त्रेचाळीस.
श्रीतेज शिळीमकर, भोरच्या पलीकडचा, वय सहा.
तीन महिने फोन करकरून
पाच डॉक्टर मी एका मंगळवारी आणले होते.
एकोणीस तारीख. पाहा, हिरव्या शाईत आहे,
मीच खूश होऊन लिहिलीय.
नऊ तारखेला त्याची आई फोनवर म्हणाली,
मॅडम, तो नंबर वाया नका घालवू,
लई कष्टानं मिळालाय,
दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या.
मग थोडा वेळ फोन चालूच होता.
मागं कुणीतरी भांडी आवरत होतं.

मी दिला नंबर. कुणाला, ते लिहिलेलं नाही.
पण संगणकातून नाव काढायचं राहून गेलं
आणि अठराच्या संध्याकाळी
त्यांच्या फोनवर मेसेज गेला,
उद्या सकाळी रुग्णास उपाशीपोटी आणावे.
ती चूक माझी. ती लिहिलीय, खाली, निळ्या शाईत.
त्या पानावर काही खोडू नकोस.

महिन्याभरानं त्या आल्या होत्या,
सक्शनचं मशीन परत करायला.
पुसून, नव्या पिशवीत घालून, पावतीसकट.
मी चहा आणेपर्यंत
बाकावरच्या एका नवख्या बाईला सांगत होत्या,
आधी तळघरात जावा,
कानाची रांग दहानंतर वाढते.
चहा तसाच राहिला त्यांचा.

बाकी काय?
ड्रॉवरची किल्ली जरा वर उचलून फिरवायची.
पंख्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे.
रडू आलं तर तळघर नको, तिथं आवाज घुमतो ;
जिन्याच्या मधल्या टप्प्यावरून आंबील ओढा दिसतो,
तिथं कुणी फारसं येत नाही.

ती बघ, दारातली.
कडेवर मूल, दातांत फाइलची दोरी,
मघापासून एकच पाटी वाचतेय.
जा.
मी आहे अजून साडेपाचपर्यंत.