पसंतीक्रम

रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट लागते
तेव्हा सहा वाजून दहा झालेले असतात,
आणि माझ्या छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ
फक्त मलाच सुलट दिसतं.

नोंदणी क्रमांक हाती येऊन एकोणीस दिवस झाले.
चोडणभर एकच प्रश्न: मग, आता कुठे?
सिप्रियानची लेक स्विंडनला म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते,
महिन्याला किती पाठवते ते तो फेरीवर
मोटरसायकली मोजणाऱ्यालाही सांगतो.
ते ऐकून बाबांनी पत्र्याची पेटी उपसली,
आजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला काढला.
वाळवीने नाव खाल्लंय.
शेवटचं ‘नाथ’ तेवढं शिल्लक.
अर्ध्या नावावर अख्खा पासपोर्ट मिळतो का
हे पणजीचा एजंट बघून सांगणार आहे.

मडगावच्या खाजगी इस्पितळात पगार बरा आहे.
दोन वर्षांचा बॉंड, आणि माझी मूळ प्रमाणपत्रं
त्यांच्या लोखंडी कपाटात.
मी हो म्हणणार होते.
किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारलं
तर मॅनेजर हसला.

जोव्हिटा जर्मन शिकतेय.
रात्री फोनवर दुखण्याचे शब्द म्हणून दाखवते:
टोचणारं, जळणारं, दाबल्यावर येणारं.
परीक्षेत तेच विचारतात म्हणे.
मी कोकणीत उत्तर देते, ती चिडते.

तोवर बांबोळीला, कंत्राटावर,
पुरुषांचा मेडिसीन वॉर्ड.
इथे कुणी मागून येत नाही.
ऑफिसने फॉर्म दिलाय, शुक्रवारपर्यंत भरायचा:
पसंतीक्रम एक, दोन, तीन.
सगळ्या मुली एकवर आयसीयू लिहितात,
बाहेरच्या देशात तोच अनुभव चालतो.
मीही पेन्सिलीने लिहिलं होतं.

गुरुवारी तेवीस नंबरला आगशीचा कायतान.
उभं आयुष्य माडावर गेलेलं,
हातांची कातडी खोडासारखी, शीर कुठेच नाही.
पहिली सुई फुकट.
दुसरी फुकट, आणि कोपराशी निळा फुगवटा.
माझ्या कानांत रक्त वाजायला लागलं.
तो छताकडे बघत म्हणाला,
‘मार गो बाय, म्हजीय काती सुरवातीक चुकताली.’

सिस्टर इझिल्डा मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
निवृत्तीला चार महिने, गुडघ्यांना पट्टे.
सुई तिने हातात घेतली नाही.
म्हणाली, डोळे मीट. बोटाला विचार.

मी डोळे मिटले
आणि मला आईची बोटं दिसली.
काजूच्या कारखान्यात सतरा वर्षं,
चिकाने टोकं इतकी जळली
की रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही.
माझा ताप ती मनगटाच्या मागच्या बाजूने बघायची.
मला वाटायचं, सगळ्याच आया तसंच बघतात.

कातडीखाली काहीतरी हललं.
ओल्या दोरीसारखं, बोटाखालून निसटून
पुन्हा परत येणारं.
सुई गेली. नळीच्या तळाशी लाल ठिपका चढला.
कायतान म्हणाला, ‘जालें?’
मी म्हटलं, झालं,
आणि माझ्या हातून चिकटपट्टी वाकडी लागली.

फॉर्मवरचं आयसीयू खोडलं.
एकवर लिहिलं: पुरुष मेडिसीन.
कारकुनाने चष्मा वर केला,
चुकून लिहिलंत काय, विचारलं.
मी नाही म्हटलं, पण आवाज जरा लहानच निघाला.
दोन आणि तीन रिकामे ठेवलेत.

घरी अजून सांगितलेलं नाही.
एजंटचा फोन येईल तेव्हा येईल,
कदाचित तेव्हा मी जाईनही.

बहात्तर तासांनी तेवीस नंबरची सुई बदलायची,
म्हणजे रविवारी.
रविवारी माझी सुट्टी होती.
बदलून सोमवार घेतला.