सहावा आठवडा

चौदा महिने सुजलेला गुडघा.
लाल नाही, तापलेला नाही,
मळून ठेवलेल्या कणकेसारखा.
न्ताते सेखोआने सांगतात, घोड्यानं पाडलं होतं.
मोखोत्लाँगच्या डोंगरात प्रत्येक गुडघ्याकडे
सांगायला एक घोडा असतोच.

आधीच्यांनी संधिवात लिहिला.
एकानं सांध्यात सुई दिली:
महिनाभर आराम, मग दुप्पट सूज.
छातीचा फोटो स्वच्छ. थुंकीत काही नाही.
मांडी मात्र वाळत चाललेली,
पँटची एक बाजू फडफडते.

मी विचारलं, खाणीत किती वर्षं?
"एकोणीस," म्हणाले, आणि ब्लँकेट
गुडघ्यावर ओढून घेतलं,
जणू मी त्यालाच विचारलं होतं.

पाणी काढलं, पिवळट, गढूळ.
भिंगाखाली कुणीच नाही.
मग आतल्या अस्तराचा तुकडा,
तांदळाच्या दाण्याएवढा:
अर्धा रंगवायला, अर्धा पेरायला.
रंगवलेल्यातून नीट काही कळेना.
पेरलेला
घाईला भीक घालत नव्हता.

सहाव्या आठवड्यात मंगळवारी
प्रयोगशाळेचा फोन: उगवलंय.
मी मोठ्यानं हसलो.
मग ओशाळलो, नर्स बघत होती.

बाहेर बर्फ, घाट बंद, जीप अडकलेली.
गोळ्या आणि निरोप घेऊन
शेवटी घोडाच निघाला.