बस व्हयनं

एप्रिलात धुळ्यात रात्री अकरालाही
जिन्याच्या कठड्याला हात लाववत नाही.
आत मात्र सदतीस अंश, मोजून मापून,
आणि दोन लिटरच्या काचभांड्यात
ताकासारखं गढूळ काही घुसळतंय.

आधी नाकाला कळतं :
पिकल्या केळीचा वास.
केळ इथे एकही नाही.
केळी तिकडे, सावद्याच्या रस्त्याला, ट्रकात चढताहेत.
इथे जिवाणू आहेत
आणि त्यांच्या पोटात आम्ही ठेवलेली
उसनी जनुकं.

पहिल्या वर्षी त्यांना एवढंच सांगितलं : कर.
त्यांनी केलं.
इतकं केलं की मेले.
पहाटे चारला वर निवळ पाणी, तळाशी राखाडी साका
आणि मजलाभर असा घमघमाट
की रखवालदार चिंधा महाले दारात येऊन म्हणाला,
मॅडम, आज कशाचा प्रसाद?

मग थांब शिकवायचं ठरलं.
मी तासातासाला नमुना काढायची,
बोरोले आकडे लिहायचा,
आमचं थांब भांड्यात पोचेस्तोवर
आत निम्मे गेलेले असायचे.

पांझरेच्या काठी आमच्या फडावर
भिवसन आप्पा पाटकरी होता.
त्याच्याकडे घड्याळ नव्हतं.
दारावर पोऱ्याला बसवून
तो शेताच्या पार शेवटच्या वाफ्यात अनवाणी उभा राहायचा,
अंधारात.
पाणी येऊन पायाला लागलं
की तिथूनच हाक :
बस व्हयनं, भो!
आणि वर फावड्यानं माती पडायची.

हे मला फार उशिरा आठवलं.
तेही बोटभर चहा सांडल्यावर,
टेबलाच्या कडेशी थबकलेला ओघळ बघताना.

आरएनए म्हणजे निरोप.
जनुकाकडून निघतो, वाचला जातो, विरतो.
त्याच्या कपाळाशी आम्ही एक खळी विणली,
चार मुळाक्षरांत, ऐंशीएक अक्षरांची.
वासाचा कण मोकळा फिरत फिरत
त्या खळीत नेमका बसला
की निरोप स्वतःवरच दुमडतो,
आपली पहिली ओळ पोटाशी घेऊन.
वाचणारा येतो, चाचपतो,
सुरुवातच सापडत नाही, पुढे जातो.
कण निसटला की घडी सैल.
पुन्हा वाचन. पुन्हा वास.
हाक देणारा तोच, माती टाकणाराही तोच.

सांगायला सोपं.
नववा नमुना कधी मिटलाच नाही.
सतरावा मिटला तो मिटलाच,
एखाद्या लग्नात रुसलेल्या मामासारखा.
तेविसाव्याला उन्हाळा सोसेना,
जनरेटर बदलीवर येईपर्यंतच्या सहा मिनिटांत
सगळ्या घड्या विसरला.
एकतिसावा आज भांड्यात आहे.

संध्याकाळी आप्पाला फोन केला.
ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सांगितलं सगळं.
तो बराच वेळ गप्प.
मग : रातले तठे कोन उभं ऱ्हास?
कोणी नाही आप्पा. पाणीच उभं राहतं.
मंग त्याले दाना कोन देस?
साखर देतो, म्हटलं. थेंब थेंब.
कमी देशात तर पयी जाई, म्हणाला,
आणि फोन ठेवायचा विसरून
कुत्र्याशी बोलू लागला.

दोन वाजून दहा.
पडद्यावरची रेघ चढते आहे,
कालच्या खुणेच्या वर, अजून थोडी वर.
माझा हात नळीच्या चापाकडे गेलेला.
घशाला कोरड, कूलर पाण्याविना नुसता खडखडतोय.
चिंधा खाली बिडी विझवतो, तो वासही इथवर येतो.

रेघ थबकते.
थरथरते जराशी,
अन् कुणी न सांगता
खाली वळते.

हात तसाच हवेत.
आता याचं काय करायचं, कळत नाही.