बाद एक

यंदा सतरा जण.
कोरोनात पाच होते, त्यांची मी पोस्टानं पाठवली,
पाकिटात पुठ्ठा घालून,
दुमडू नयेत म्हणून.

बावीस वर्षं प्रमाणपत्रांवरची नावं मी लिहितो.
ऑफिसात आता छपाईचं यंत्र आहे,
पण लोखंडेसर म्हणतात, शांतवन, तुमचा ‘क्ष’
त्या यंत्राला येत नाही.
सर म्हणजे प्राचार्य.
कौतुक करून ते जादा वेळेचे पैसे वाचवतात.

एप्रिलात सांगलीचं ऊन असं
की दौतीतली शाई दुपारीच दाटते.
पंखा लावावा तर कागद उडतात.
बाही मनगटावर ओढून बसायचं,
घामाचा एक थेंब
आणि अख्खा पदवीधर फुकट.

नववं नाव: रिबेका सदाशिव आवळे.
लिहिलं, टिपलं, मान वर केली
तर दारात तीच.
‘काका, मधलं नाव आईचं हवं होतं. मथुरा.’
रजिस्टरला आहे तेच लिहितो, मी म्हणालो.
अर्ज दिलाय, म्हणाली.
दिला होता. सरांची सही, शिक्का,
तारीख पंधरा दिवसांपूर्वीची,
माझ्याच टेबलावर, हजेरीपटाखाली.

एक जाड कागद गेला.
मी काही बोललो नाही,
दौतीचं झाकण तेवढं जरा जोरात लावलं.

शनिवारी मिशनच्या दगडी इमारतीपुढे मांडव.
खुर्च्या दोनशे सांगितल्या,
मोजल्या तर एकशे शहाण्णव.
पेटीचा भाता फाटका, तरी गायनमंडळ वेळेवर.
पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली,
लोक दोनदा चुकून आमेन म्हणाले.
मग बक्षिसं.
स्वच्छ खोली: खोली नंबर चार.
(आदल्या रात्री त्यांनी सगळा पसारा पाचमध्ये टाकला,
हे पाळकसाहेब सोडून सर्वांना ठाऊक.)
उत्तम विद्यार्थी, फिरती ढाल: फिलोमन हिवाळे.
ढालीवरच्या पितळी पट्ट्या भरल्यात,
त्याचं नाव आता मागच्या बाजूला,
जिथं भिंत असते.

आणि पदव्या.
नवव्या नावाला माइक नेहमीसारखा गेला.
रिबेका हवेतच राहिली,
आणि तो परत आला तेव्हा मांडवभर ऐकू आलं
फक्त, मथुरा आवळे.

शेवटून तिसऱ्या रांगेतून बाई उठली.
‘आले जी,’
मार्केट यार्डात हळद निवडताना
मुकादमाच्या हाकेला देत असेल तशीच ओ.
पदर खोचला आणि मधल्या वाटेनं निघाली.
कुणी हसलं. कुणी म्हणालं, बसा मावशी.
ती बसली नाही,
हाक आल्यावर बसायची सवय नसावी.
चपला पायरीशी काढल्या.
रिबेका काळ्या झग्यात तिथंच, एक पाय वर, एक खाली.

सरांनी तेव्हा हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे
पाहिलं नाही.
बाईंना नमस्कार केला
आणि कागद त्यांच्याच हातात दिला.

मी टाळ्या वाजवल्या का, आठवत नाही.
मला दिसत होता तो अंगठा,
धुऊनही न गेलेली हळद,
आणि त्याखाली माझं ओलसर ‘थु’.

सोमवारी रिबेका ना-देय दाखल्याला आली.
डाग पडलाय, मी म्हणालो, आण, दुसरं लिहून देतो.
नको, म्हणाली.
सही घेतली, दारापर्यंत गेली, वळली.
‘आई अजून विचारते,
मला कशाला बोलावलं होतं गं,
काय चुकलं हुतं का माझं?’

संध्याकाळी साठा रजिस्टर पुरं केलं.
जाड कागद: आणले वीस, दिले सतरा,
शिल्लक दोन, बाद एक.
बाद केलं की शेजारच्या रकान्यात
कारण लिहावं लागतं.
इतकी वर्षं मी लिहीत आलो, विद्यार्थ्याची विनंती.
निब पुसली.
लिहिलं, कारकुनाची चूक,
आणि ‘क’ इतका नीट आला
की थोडा वेळ झाकण लावलंच नाही.